दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बंद पडलेली व्हॅन

कोणी गाडीच्या पूजेचं नाव काढलं की अजून माझं डोकं तापते. नवरात्रात आमच्याकडे कोणी मासोळी खात नाही, म्हणून दसरा झाला की दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याच्या बाजारात मासोळीवर लोकांच्या उड्या पडतात. त्याच सकाळी गोसीखुर्द धरणाच्या मासोळीनं भरलेली आमची जुनी व्हॅन चालू होईना. चाबी फिरवली की नुसती घरघर, अन् मागं बरफ वितळून राहिला.

मेकॅनिकले बोलावलं. त्यानं सीट उचलली, खालच्या इंजिनचा प्लग काढून ठिणगी पाहाले इंजिनलाच टेकवला. "काकू, करंटच नाही. कॉईल गेली असन. नागपूरवरून आणा लागते."

"तोवर मासोळी तू खाशीन का? पहिले डिस्ट्रिब्युटरचं टोपण उघड! पावसाळ्यात तिथंच ओल धरते."

त्यानं उघडलं. आत हळद, कुंकू, तांदूळ अन् पाणी!

मी नवऱ्याकडे पाहिलं.

"काल पूजा केली," तो म्हणाला. "सारा करंट तिथूनच वाटल्या जाते. गाडीचा जीवच तो. मंग वरून वरून काहून करा?"

मेकॅनिक खी खी करायला लागला. "दात काय काढतं? पुस!" मी त्याच्यावर ओरडली. शेवटी माझ्याच पदरानं ती डबी कोरडी केली. टोपण लावलं, अन् पहिल्याच चाबीला गाडी सुरू.

"पाह्य, देवीची कृपा!" नवरा म्हणाला.

"मुकाट्यानं बसा गाडीत! पुढच्या दसऱ्याले तुमची पूजा करीन. डोक्याचं टोपण उघडून, आतून!"