आष्टीले ठेवलं तेव्हा

२००३ साल. वर्ध्याच्या स्टँडवर यशोदाबाई आष्टीच्या गाडीची वाट पाहत होत्या. शेजारी त्याच गाडीसाठी थांबलेली एक म्हातारी आणि तिची लेक बोलत होत्या.

"जागृती, मनाची डॉक्टर झाली ना तू? मंग अजून काय शिकून राह्यली?"

"आई, लोकाइचं ऐकायच्या आधी आपलंच मन उघडा लागते. मुंबईले एका बाईंकडे चार वर्षं झाले जाऊन राह्यली."

"पेशंटवानी?"

"हो. पलंगावर पडून, येईल ते बोलाचं. त्याशिवाय या पद्धतीचा दवाखाना नाई टाकता येत."

"माह्यंबी सांगतं?"

"सांगाच लागते. लहानपणी तू मले आजीकडे आष्टीले ठेवून गेलती, तेच निंघते."

सारं ऐकू येत होतं म्हणून यशोदाबाईंनी मान दुसरीकडे वळवली.

"मले टीबी झालता, जागृती."

"काय?"

"तुले लागू नये म्हणून ठेवलं. घरात त्याचं नाव काढाची मनाई होती."

"मंग भेटाले काऊन नाई आली?"

"आली ना. दुरून, वावराच्या धुऱ्यावर उभी राहूनच पाहून गेली. जवळ आली असती तर तू सोडलं नसतं मले."

गाडी लागली. यशोदाबाई उठल्या.

"बाई, चला, आष्टीची लागली."

"तुमी व्हा समोर. आमी मागच्या गाडीनं येतो."

"आई, तू धुऱ्यावरून पाह्यलं तवा मी काय घातलं होतं?"

"हिरवा फ्राक. एक बाही उसवली होती. तुह्या आजीनं शिवलीच नाई."