पुठ्ठ्याचं मशीन

...आणि मी मागत होतो काय हो? ओट्यावर एक फूट जागा. एक फूट! चौतीस वर्षं ऑफिसात मशीनची कॉफी प्यायलो, रिटायर झालो, म्हटलं घरी एक एस्प्रेसो मशीन घ्यावं, सकाळी घुर्रर्र करावं, कप हातात घेऊन जरा उभं राहावं... घरात आपलं म्हणून काहीतरी नको का? पलंगावर धाकटीचा अभ्यास, खुर्चीत सासूबाई, बाल्कनीत कपडे!

तर गेलो दुकानात. दुकानदार म्हणाला, "काका, लोक मापातच फसतात. मोठं घेतलं तर पाण्याची टाकी उचलताना वरच्या कपाटाला अडते, लहान घेतलं तर कप खाली शिरत नाही. आधी त्याच मापाचं पुठ्ठ्याचं खोकं करा, आठ दिवस ओट्यावर ठेवून बघा." सल्ला चांगला की नाही? तुम्हीच सांगा! मी टेप घेतली, पुठ्ठा कापला, चिकटपट्टी लावली, वर टाकीचा खण, मध्ये कपाचा, बाजूला दुधाच्या भांड्याचा... हुबेहूब! बायको म्हणाली, "अगं बाई, किती छान केलंत!" तुम्हाला सांगतो, तीस वर्षांत तिने माझ्या कशालाही छान म्हटलं नव्हतं. तिथेच मला कळायला हवं होतं!

दुसऱ्या दिवशी टाकीत लसूण! तिसऱ्या दिवशी कपाच्या जागी सासूबाईंच्या गोळ्या. "जावईबापू, आता काही घोळच नाही हो, सगळं हाताशी!" मग धाकटीचा चार्जर, किल्ल्या, विजेची बिलं... आठव्या दिवशी मी म्हटलं, बसलं बरं का मापात, आता हे उचला, खरं आणतो. सासूबाईंनी छातीवर हात ठेवला! बायको म्हणाली, "म्हणजे आमची सगळ्यांची सोय मोडायची? तुमच्या एका कपासाठी?"

बरं, लहान घेतो, शेजारी ठेवू. "शेजारी मिक्सर आहे." मग वर? "वर डबे." मग मी कुठे?... सासूबाईंनी कपाच्या खणातली गोळी काढून घेतली हो. हसताय काय, वाईट वाटलं मला! एक फूट!

शेवटी बायकोलाच दया आली. "आणा की मशीन, मी कुठे नाही म्हणते? फक्त आमच्या वस्तू त्यात राहिल्या पाहिजेत."

काल पुन्हा दुकानात गेलो. "या काका, जमलं माप?" म्हटलं, माप तंतोतंत जमलंय. फक्त एवढं बघा... कॉफी नाही आली तरी चालेल, पण तीन खणांचं एखादं आहे का?