वाशांचा हिशोब आणि छपरावरची दगडं

माझ्या हिशोबाचं कौतुक करताय, तर शिराळ्याच्या काकूंचंही ऐका. त्यांच्या पत्र्याच्या छपरावर तिरके सोलर पॅनेल बसवायचे होते. मी वासे मोजले, पॅनेलचं वजन धरलं आणि सांगितलं, "काकू, वासे वाकतील. खालून चार टेकू लागतील."

"सोप्याच्या मधोमध? आवं, लेकीचं लगीन हाय. पावणं काय खांबाला मिठी मारून जेवणार व्हय?"

वर बघितलं, तर पत्र्यावर ओळीनं दगडं. पॅनेलपेक्षा तीच जड होती. ती उतरवली की टेकू लागतच नव्हते. गड्यांनी सगळी दगडं अंगणात आणून टाकली आणि मी खुशीत कागद मिटला.

काकू म्हणाल्या, "दगडं काय शोभेला ठिवली व्हती? वाऱ्यानं पत्रा उडतोय म्हणून ठिवली व्हती."

मी वजन खाली किती दाबतं ते काढलं होतं. तिरक्या पॅनेलखाली वारा शिरला की वर किती उचलतो, ते काढलंच नव्हतं. पुन्हा हिशोब केला. पॅनेलची चौकट वाशांत बोल्टनं आवळली आणि वासे लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला बांधले.

आठवड्यातच वळवाचं वारं सुटलं. रस्त्यात झाडं आडवी झाली. सकाळी काकूंचा फोन आला.

"साहेब, काल लय वारं झालं."

"छप्पर हाय का, काकू?"

"छपराला काय धाड भरलीय? अंगणातली दगडं कवा उचलताय ते सांगा. मांडव घालायचाय."