बाळ कधी रडतं

(फेब्रुवारी, नेब्रास्कातलं एक गाव, रविवारची सकाळ. शाळेची बस चालवणारी मार्ला कणीस सोलावं तसं अभ्यासाच्या पुस्तकाचं एकेक पान उलटतेय. समोर थोरली मुलगी ब्रिन रंगीत पेनांनी वेळापत्रक आखतेय.)

ब्रिन : सकाळची फेरी साडेआठला संपते, दुपारची तीनला सुरू. मधे तू करतेस तरी काय?

मार्ला : बस झाडते. पोरांचे हातमोजे गोळा करते. एकाला जोडी सापडेल तर शपथ.

ब्रिन : साडेसहा तास हातमोजे?

मार्ला : आणि घरचं जेवण कोण करतं, तुझे बाबा?

ब्रिन : दहा ते बारा, बालविकास. रोज. सहा आठवडे.

मार्ला : बुधवार नको. बुधवारी आजीला केस धुवायला न्यायचं असतं.

ब्रिन : आई, एवढा एकच विषय राहिलाय. ही परीक्षा पास झालीस की वर्गात न बसता क्रेडिट मिळतील आणि मे महिन्यात पदवी हातात. नापास झालीस तर तीन महिने परत बसू देत नाहीत. म्हणजे हे वर्षही गेलं.

मार्ला : बावीस गेली, त्यात आणखी एक.

ब्रिन : असं बोलू नकोस ना. कालचा सराव पेपर तपासलाय मी. नव्वदपैकी चौतीस.

मार्ला : काहीतरीच. तीन पोरं वाढवली मी. बसमध्ये चाळीस जण रोज सांभाळते.

ब्रिन : तिथंच तर घोळ आहे. हे बघ. ‘आई दूर गेली की बाळ साधारण कितव्या महिन्यापासून रडू लागतं?’ चार पर्याय दिलेत. तू खाली पाचवा लिहिलास, ‘रडत नाही’.

मार्ला : नाहीच रडलीस तू.

ब्रिन : प्रश्न माझ्याबद्दल नाहीये गं.

मार्ला : बाळ म्हटलं की तूच डोळ्यांसमोर येतेस, त्याला मी काय करू? आठ महिन्यांची होतीस. तुला आजीकडे ठेवून या राहिलेल्या विषयासाठी कॉलेजला निघाले, तर तू खुशाल चमचा वाजवत बसलेली. वळूनसुद्धा बघितलं नाहीस.

ब्रिन : मग कॉलेज सोडलंस कशाला? आजी तर म्हणते, मी रडून घर डोक्यावर घ्यायचे.

मार्ला : आजी मला सांभाळून घेते. रडायचे मी. कॉलेजच्या बाहेर, गाडीत बसून. चौथ्या दिवशी आत गेलेच नाही, तशीच परत फिरले.

ब्रिन : मला कायम वाटायचं, माझ्यामुळे राहिलं तुझं.

मार्ला : अगं वेडे. म्हणून ही सगळी पेनं घेऊन बसलीस होय?

ब्रिन : हो.

मार्ला : इकडे ये. अशी. बुधवारही लिही. आजीला नेतील तुझे बाबा, काही बिघडत नाही.

ब्रिन : परीक्षेला मी घेऊन जाईन तुला.

मार्ला : ने. पण दारात सोडलंस की लगेच निघून जा. खिडकीतून दिसलीस तर पेपर टाकून बाहेर येईन मी.

ब्रिन : नाही जाणार. दीड तास गाडीतच बसेन, चमचा वाजवत.