वास गेला, रांग आली

दातांच्या दवाखान्यात मास्तरीणबाई सुजलेला गाल धरून बसल्या होत्या. मागच्या बाकावर चामड्याच्या कारखान्यातला एक कारागीर बायकोशी कुजबुजत भांडत होता, आणि ती कुजबुज पार दारापर्यंत ऐकू येत होती.

"चौदावा नंबर! पूर्वी मी दारात पाऊल टाकलं की डॉक्टर आधी मला आत घ्यायचे."

"आणि नाकाला रुमाल लावून आधी बाहेर काढायचे."

"मान होता तो."

"वास होता तो."

"तीस वर्षं चुन्यात आणि सल्फाइडमध्ये कातड्यांचे केस काढलेत मी. वास येणारच! आता साहेबांनी एन्झाइम आणलंय. पाण्यात कालवायचं, की केस आपोआप सुटतात."

"बरंच झालं की. नाल्याचं पाणीसुद्धा निवळलंय."

"नाला निवळला, पण माझी बसमधली जागा गेली. मी चढलो की अख्खं बाकडं रिकामं व्हायचं. काल लोंबकळत आलो! त्यात तुझी बहीण आठ दिवस राहायला येतेय. बारा वर्षांत फिरकली नव्हती."

"येऊ दे बिचारीला."

"तू सरक जरा. खांदा अवघडला माझा."

"नाही सरकत."

"अगं, समोर तीन खुर्च्या रिकाम्या आहेत."

"दिसतायत मला."

"नेहमी तिकडेच बसायचीस तू."

"बसायचे."

कारागिराने अवघडलेला खांदा हळूच तिच्या खांद्याला टेकवला.

"चौदा नंबर!" आतून हाक आली.

"या बाईंना घ्या आधी," कारागीर म्हणाला, "त्यांचा गाल सुजलाय. आम्हाला काही घाई नाही."