आई कुठल्या पानावर हाय?

(रविवारची दुपार. जांबे गावात भाड्यानं दिलेल्या खोल्यांपुढची ओटी. गोजराबाई पावट्याच्या शेंगा सोलतेय. तिच्या दिराची मुलगी सृष्टी तिला पुस्तक वाचून दाखवतेय.)

गोजराबाई : थांब, थांब. आई ऱ्हायली.

सृष्टी : कुठली आई, काकी?

गोजराबाई : इरीची. हातावर दिवा लागतो त्या पोरीची. पोरी डोंगर चढाय लागल्या की आई मागनं भाकर घेऊन येतीया. तू तेवढंच गाळलंस.

सृष्टी : गाळलं नाही गं. ऐक. "इराने तळहात उघडला आणि त्यावर ज्योत प्रकटली. त्या तिघी अनाथ मुली निःशब्दपणे धुक्यात शिरल्या." संपलं प्रकरण.

गोजराबाई : अनाथ? अगं, आई चांगली जिती हाय इरीची! छापणाऱ्यानं चूक केली.

सृष्टी : असेल.

गोजराबाई : आन् प्रकटली काय, निशब्द काय! पोरी हायेत का कीर्तनकार? माझी पिंकी वाचायची तवा इरी म्हणायची, "वने, हो म्होरं, मी दिवा धरते." आपल्यावानी बोलायच्या त्या. तू दुसरंच पुस्तक आणलंस.

सृष्टी : तेच आहे, 'धुक्याच्या मुली'. हे बघ, आत पिंकीचं नाव. हा हळदीचा डाग.

गोजराबाई : माझाच हात लागलावता तो. लई वराडली मला. दोन दिस बोलली न्हाई.

सृष्टी : मला पण हात लावू द्यायची नाही. शाळेत असताना सहाच्या सहा भाग आम्ही एकत्र वाचले. ती इरा व्हायची, मी वन्या. वन्या झाडांशी बोलते ना, म्हणून कासारसाईच्या धरणावर जाऊन मी बाभळीशी बोलत बसायचे.

गोजराबाई : मग? बोलली का बाभळ?

सृष्टी : काटा टोचला तेवढा. पिंकी मात्र सांगायची, एकदा माझ्या हातावर दिवा लागलावता, तू बघायला नव्हतीस. मी खरं मानलं.

गोजराबाई : थापाडी हुती कार्टी.

सृष्टी : ती गेल्यावर तिची पुस्तकं मी नेली, एकटीनं परत वाचायला घेतलं. रूमवर कुणी नसताना. पुढं वाचवेना काकी, रडूच यायला लागलं. म्हणून पिशवी उचलली आणि तुझ्याकडं आले.

गोजराबाई : बरं केलंस. मलाबी शेवट ऐकायचाय. सहावं पुस्तक निम्म्यात ऱ्हायलं बग. इरी वर डोंगरावर आजारी पडलीया, आन् आई भाकर घेऊन निम्म्या वाटंवर हाय. दिवाळीपासनं ती बाई माझ्या डोसक्यात चालतीच हाय. पोचली का न्हाई, कुणाला इचारू? तुज्या काकाला इचारलं तर म्हणतोय, येडी झाली.

सृष्टी : पिंकी तुला रोज वाचून दाखवायची?

गोजराबाई : रोज. औषधानं तिचं तोंड कडू व्हायचं, झोप यायची न्हाई. मी हितं चुलीपाशी, ती खाटंवर. आन् आईचं आलं की पुस्तक मांडीवर पालथं घालायची, माझ्याकडं बघून सांगायची. म्हणायची, आईचं मला पाठ हाय.

सृष्टी : पालथं घालायची?

गोजराबाई : व्हय. का गं?

सृष्टी : काही नाही. कशी होती ती आई?

गोजराबाई : झ्याक हुती! जादू-बिदू काय येत न्हाई तिला. पोरींची सावल्यांशी मारामारी चाललीया, आन् ही मधीच फडकं सोडून बसती. "आधी खावा. उपाशी पोटी जादू चालत न्हाई." पोरींचं खाणं होईस्तवर सावल्याबी गप उभ्या. हसू नगं. मीबी पिंकीला तेच म्हणायचे, उपाशी पोटी औषध चालत न्हाई. ती म्हणायची, "बघ आई, पुस्तकवाल्यांना तुझं समदं ठाव हाय."

सृष्टी : काकी...

गोजराबाई : डोळं पूस. आन् सहावं काढ. टाकी भरून वाहतीया, मोटर बंद करून येते. भाडेकऱ्यांना काय, पाणी जाईना का गटारात... हां, आले. अगं, काय एवढी पानं चाळतीस?

सृष्टी : आई कुठल्या पानावर आहे, ते बघतेय.

गोजराबाई : गावंल. घाई न्हाई.

सृष्टी : काकी, मला शेवट आठवतोय. इरा तिचा सगळा उजेड देऊन टाकते. मग ती...

गोजराबाई : मरती. ते मला ठाव हाय. पिंकी त्या पुस्तकाला मुद्दाम उशीर लावत हुती, रोज एकच पान. तवाच उमजलं. मी पोरीचं इचारत न्हाई, सुष्टे. आईचं इचारतीया. पोचली का ती?

सृष्टी : सापडलं.

गोजराबाई : मग वाच की. पुस्तक का पालथं घातलंस?

सृष्टी : हे... हे मला पण पाठ आहे.

गोजराबाई : बरं. सांग.

सृष्टी : आई चढून वर पोचली. इरी जागीच हुती. म्हणाली, "आलीस व्हय?" आईनं फडकं सोडलं. भाकर अजून गरम हुती.

गोजराबाई : गरम?

सृष्टी : हो. गरम.

गोजराबाई : त्या दिशी दवाखान्यात पिंकीपाशी तूच हुतीस. मी घरनं भाकर घेऊन निगाले, तर हिंजवडीच्या चौकात रिक्षा अडकली. गाड्या हलंनात. निवू नये म्हणून फडकं पोटाशी धरून बसले. आले तर तू दारातच उभी.

सृष्टी : काकी, नको ना.

गोजराबाई : गार झालती भाकर. आन् जागं कुणी नव्हतं.

(सृष्टी पालथं पुस्तक सुलटं करते.)

गोजराबाई : सुष्टे, छापणाऱ्याची चूक नव्हती ना गं?

सृष्टी : नव्हती. त्या पोरींना आई नाहीच, काकी. सहाही पुस्तकांत कुठंच नाही.

गोजराबाई : म्हंजी पोरीनं मला घातलं व्हय त्यात. एवढं दुखत हुतं तिला, आन् माझ्यासाठी रचत बसायची. मी येडी, म्हणायचे, काय पाठांतर हाय पोरीचं!

सृष्टी : बंद करू का पुस्तक?

गोजराबाई : नगं. वाच.

सृष्टी : काय वाचू? लिहिलंय ते?

गोजराबाई : न्हाई. मगाचंच वाच. भाकर गरम हाय, तितनं.