नाळेला पडलेली गाठ

बाबा : ...म्हणून म्हणतो, डॉक्टरबाई, आधी नोंद करून घ्या. आज नऊ मार्च, सकाळचे सव्वानऊ. सहापासून बाळ हललं फक्त दोनदा.

डॉक्टर : आणि सहापासून ही काय करत होती?

मुलगी : उताणी पडून होते. काल सोनोग्राफीत नाळेला गाठ दिसली, तेव्हापासून बाबांनी मला कुशीवर वळू दिलेलं नाही. नवरा फोनवर म्हणाला, जरा चाल. तर त्यालाही दम भरला.

बाबा : जन्म गेला माझा क्रेनचे दोर तपासण्यात. गाठ पडलेल्या दोराची निम्मी ताकद जाते, आणि भार हलला की गाठ आवळत जाते. तेव्हा भार हलू द्यायचा नाही.

मुलगी : भार म्हणजे तुमचं नातवंड, बाबा.

डॉक्टर : काका, बाळ नाळेला टांगलेलं नसतं. ते पाण्यात तरंगतं. नाळ ही रक्ताची नळी. आत जेलीसारखा मऊ थर असतो, त्यामुळे गाठ सहसा सैल राहते. उलट या दिवसांत उताणं झोपलं की बाळ सुस्तावतं. चल गं, डाव्या कुशीवर वळ. मी ठोके मोजायचा पट्टा लावते.

बाबा : म्हणजे हे माझ्यामुळे?

डॉक्टर : ठोक्यांचा आलेख सांगेल. गाठ आवळली असेल तर ठोके खाली येतील. मग मी थांबणार नाही, लगेच शस्त्रक्रिया.

मुलगी : बाबा, येरझारा पुरे. हात धरा माझा.

बाबा : धरलाय.

मुलगी : इतका घट्ट नको. थांबा जरा. लाथ मारली. ही दुसरी. आता तर आखाडाच मांडलाय.

डॉक्टर : ठोके उत्तम आहेत. पण गाठ आहे आणि सदतीस आठवडे भरलेत, तेव्हा औषध देऊन आजच कळा सुरू करू. पट्टा मात्र शेवटपर्यंत राहील.

बाबा : आणि मी काय करायचं?

मुलगी : जावयाला बोलवायचं. गोड आवाजात.

(दुसऱ्या दिवशी दुपारी, त्याच खोलीत.)

बाबा : जावई म्हणाले, गाठ खरोखरच होती.

डॉक्टर : होती. पण सैल. बोट सहज गेलं असतं आतून.

बाबा : आमच्याकडे असा दोर मी त्याच दिवशी बाद केला असता.

मुलगी : बरं झालं, निवृत्त झालात. घ्या आता नातीला. मानेखाली हात ठेवा.

बाबा : उचलण्याआधी भार कळायला हवा. वजन किती भरलं हिचं?

डॉक्टर : दोन किलो आठशे चाळीस ग्रॅम.